दर शनिवारी बर्गन

१

माझा बाप चालताना मागे वळून बघत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी मला 'वडिलांबद्दल असं कसं लिहितेस' असं विचारायला नको.

कुठेही गेलो तरी हेच. सिडनीजवळचे ब्लू माउंटन्स असोत, नाहीतर तिथेच वेंटवर्थव्हिलला मावशीकडे गेल्यावर नुसतं भाजी आणायला जाणं असो. बाबा पुढे, हात पाठीमागे बांधलेले, मान ताठ. आई त्यांच्या मागे. तिच्या खांद्याला पर्स, पर्समध्ये पाण्याची बाटली आणि त्यांच्या गोळ्या, हातावर त्यांचं जॅकेट, कारण साहेबांना मध्येच उकडतं. आई कुठे थांबली, कुणाच्या अंगणातलं फुलझाड बघत, खिडकीतलं मांजर बघत, की यांना पत्ताच नसायचा. तिचं तिलाच कळायचं आणि मग ती "आले हो, आले" करत धावायची. या दोघांच्या मधल्या अंतरात मी लहानाची मोठी झाले.

लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून २०२०च्या जूनमध्ये नॉर्वेची क्रूझ बुक केली होती. ठरवली कुणी? बाबांनी. त्यातला एक दिवस बर्गनला. सकाळी बोट बंदराला लागणार, संध्याकाळी सुटणार, मधल्या वेळात गाव पायी बघायचं. बोटीतून उतरलं की गावच, टॅक्सीबिक्सीची भानगड नाही, हे बाबा आल्यागेल्याला अशा थाटात सांगायचे की गाव यांनीच वसवलंय. रंगीत लाकडी घरांची रांग, मासळीबाजार, डोंगरावर चढणारी छोटी ट्रेन. सगळं घड्याळावर बसवलेलं.

आईने एकच मागितलं होतं. माहितीपत्रकातल्या फोटोत पाण्याच्या कडेला एक बाक होता. ती म्हणाली, "इथे जरा बसू या हं."

"बसायला इथे मेलबर्नला वेरिबीतलं घर आहे की," बाबा म्हणाले. "बोट कुणासाठी थांबत नसते, सुचित्रा."

मग कोविड आला आणि बोट आलीच नाही.

२

मी तोवर इंजिनिअरिंग सोडून घरी बसले होते. 'बसले' हा बाबांचा शब्द. मी एका सुपरमार्केटमध्ये लोकांच्या ऑनलाइन ऑर्डरी भरत होते, पहाटेच्या शिफ्टला, मास्क लावून, टॉयलेट पेपर संपला म्हणून लोकांच्या शिव्या खात. पण बाबांनी त्यांच्या मित्राला, पद्माकरकाकांना, फोनवर सांगायचं ते असं, "मयूराने गॅप इयर घेतलंय." मुलीने युनि सोडली हे तोंडातून निघत नव्हतं त्यांच्या. पद्माकरकाकांच्या मुलाने पण सोडली होती, हे मला त्या मुलाकडूनच कळलं. दोन म्हातारे एकमेकांना गॅप इयरच्या गोष्टी सांगत होते.

मेलबर्नचा दुसरा लॉकडाऊन लागला. घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचं, बाहेर व्यायाम तासभर, सामान आणायला घरातून एकच माणूस आणि तोही दिवसातून एकदाच. बाबांचा जीव गुदमरला. मग त्यांनी गाडी बाहेर ड्राइव्हवेवर काढली आणि गॅरेजमध्ये बर्गन उभं केलं.

म्हणजे असं. भिंतीवर जुना टीव्ही. टीव्हीसमोर ट्रेडमिल. इंटरनेटवर कुणीतरी टाकलेला एक लांबलचक व्हिडिओ, त्यात माणूस दिसत नाही, बोलत नाही, नुसता कॅमेरा घेऊन चालतो. बोटीच्या जिन्यावरून खाली, धक्क्यावरून गावात, गल्ल्यागल्ल्यांतून, आणि शेवटी परत बोटीपाशी. पाऊस, सीगल्स, दगडी रस्त्यावर बुटांचा आवाज. बाबा ट्रेडमिलवर त्या वेगाने चालायचे. दर शनिवारी, चहा-पोहे झाले की.

आणि आई? ट्रेडमिल एकच होता. त्याच्या मागे माझी जुनी जांभळी योगा मॅट टाकलेली, आई तिच्यावर जागच्या जागी चालायची. ऑगस्ट म्हणजे इथला हिवाळा, गॅरेज म्हणजे नुसता फ्रीज, म्हणून अंगावर मरून शाल. हातावर बाबांचं जॅकेट. खरं सांगते. घरच्या गॅरेजमध्ये ती त्यांचं जॅकेट धरून चालत होती.

निघण्याआधी आई बाबांच्या तळहातावर चमचाभर दही ठेवायची. आमच्याकडे कुणीही लांब निघालं की हे असतंच. मी परीक्षेला निघाले की दही, बाबा इंटरव्ह्यूला निघाले की दही. काम होतं आणि माणूस सुखरूप घरी येतो. आईचं विरजण फार जुनं. आम्ही टूवूंबा गाव सोडून इकडे मेलबर्नला आलो तेव्हा सगळा रस्ता ती दह्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. रोज त्यातलंच थोडं ठेवून पुढचं लावायचं.

मी म्हटलं, "आई, गॅरेजमध्ये जायला दही?"

"निघताना द्यायचं असतं. कुठे निघालोय ते दह्याला काय कळतंय?"

"आणि तुझ्या हातावर कोण ठेवतं?"

ती हसली. "मी देणारी ना गं. मला कोण देणार?"

बाबांनी तळहात चाटला, रुमालाला पुसला आणि ट्रेडमिलवर चढले.

३

गॅरेजमध्ये आमचा दुसरा फ्रीज आहे. एका शनिवारी त्यातून मटार काढायला मी गेले, तर मध्येच पद्माकरकाकांचा फोन आला. बाबांनी चालता चालताच टीव्हीचा आवाज बंद केला. "बोल पद्या! अरे, आम्ही आत्ता बर्गनमध्ये आहोत!" हा विनोद ते दर शनिवारी करायचे.

टीव्ही मुका. ट्रेडमिलची घरघर, त्यावर बाबांचे धप धप पाय, त्यांचं हसणं. आणि त्याखाली आणखी एक आवाज.

टक. टक. टक.

ओल्या दगडावर टाच पडते तसा. थोडा घुमणारा, दोन्ही बाजूंना उंच भिंती असल्यासारखा.

मी फ्रीजचं दार धरून उभी राहिले. आई माझ्या समोर चालत होती. पायात रबरी तळव्याचे पांढरे बूट. खाली बोटभर जाड फोम. त्या मॅटवर मी उड्या मारल्या आहेत, आवाज येत नाही. तिचा पाय खाली यायचा आणि टक.

"आई?"

तिने लगेच उत्तर दिलं नाही. झूमवर नेट खराब असलं की समोरच्याचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, तसं काहीतरी झालं. मग म्हणाली, "मटार खालच्या खणात आहेत."

मी मटार घेतले आणि आत आले. पत्र्याचं शटर, काँक्रीटची जमीन, आवाज घुमणारच, असं स्वतःला समजावलं. थोडं फिजिक्स झालंय माझं, सोडायच्या आधी.

४

मग मी बघायला लागले. बघायला लागलं की दिसतंच, हेही मला कळतं. तरी.

चालून आल्यावर आई बूट मागच्या दाराशी काढायची. तळवे ओले. फ्रीज गळत असेल म्हणून मी गॅरेजची जमीन हाताने चाचपली. कोरडी ठणठणीत. शालीला वास यायचा, मिठाचा, माशांचा. आमच्या घरात अंडंसुद्धा बाबांना कळू न देता उकडतात.

जेवताना ती मध्येच म्हणाली, "त्या पिवळ्या घराच्या मागे एक छोटं अंगण आहे बघ. तिथे एका बाईने जुन्या किटलीत जिरेनियम लावलंय."

"कुठल्या पिवळ्या घराच्या?"

"बर्गनच्या."

बाबा वरणभात कालवत होते. "व्हिडिओत अंगण कुठे आहे? सरळ रस्ता आहे तो. तू झोपेत चालतेस की काय?" आणि स्वतःच्याच विनोदाला हसले. तिने किटली कुठे बघितली, हे त्यांना विचारावंसं वाटलं नाही. पंचवीस वर्षांत वाटलं नाही ते आता काय वाटणार.

मी माझ्या खोलीत फोनवर तो व्हिडिओ अख्खा बघितला. कॅमेरा पिवळ्या घराशी वळतच नाही. सरळ जातो.

पुढच्या शनिवारी मी गॅरेजच्या दारात, बाबांना दिसणार नाही अशी उभी राहिले. लाकडी घरांची रांग आली. छत्र्या, रेनकोट, गोरे म्हातारे. आणि त्यांच्या पुढे, बरीच पुढे, एक बाई पाठमोरी चालली होती. मरून शाल. छत्री नाही. हातावर काही नाही. दोन्ही हात मोकळे, हलत होते.

ती पिवळ्या घराशी थांबली, कोपऱ्याशी वाकून काहीतरी बघितलं आणि आत वळली.

मी मॅटकडे बघितलं. आई चालत होती. डोळे टीव्हीवर. हातावर जॅकेट.

संध्याकाळी फोनवर पुन्हा बघितलं. छत्र्या होत्या, रेनकोट होते, म्हातारे होते. बाई नव्हती. मरून शाल जगात दहा लाख बायकांकडे असेल, हे मान्य. पण त्या दहा लाख जणी फक्त आमच्या गॅरेजमधल्या टीव्हीवर कशाला येतील?

५

बाबांना सांगून बघितलं. सांगू नये असं वाटत होतं, तरी सांगितलं, कारण दुसरं होतं कोण घरात?

ते लॅपटॉपवर होते. मी म्हटलं, "बाबा, आईला काहीतरी होतंय. शनिवारी. चालताना."

"काय होतंय? दमते का? दमली तर बसेल."

"बसू देता का तुम्ही?"

"मयूरा, सूर नीट ठेव."

"एक काम करा. या शनिवारी चालताना एकदा मागे वळून बघा तिच्याकडे. एकदाच."

त्यांनी चष्मा काढला. मला समजावताना ते चष्मा काढतात. "अगं, ट्रेडमिलवर मागे वळलं की माणूस तोंडावर आपटतो. साधं लॉजिक आहे. सेकंड इयरपर्यंत शिकवलं असेल ना तुला एवढं?"

"मग बंद करून बघा."

"आणि व्हिडिओ पुढे गेला तर?"

"पॉज करा ना!"

"पॉज केलं तर चालण्यात राम काय?" ते खरोखर चिडले. "बोट सुटण्याच्या आत परत पोचायचं, हाच तर पॉइंट आहे."

असा माणूस. गॅरेजमध्ये उभी नसलेली बोट चुकेल म्हणून मान वळवणार नाही. यांच्या पिढीला आपण आदर म्हणून जे देतो ते खरं तर काय असतं, यावर मी त्या रात्री बराच विचार केला. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी ठरवलं की आईच्या हातावर मीच दही ठेवायचं. माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. पण यांना दर शनिवारी दही मिळतं आणि हे दर शनिवारी परत येतात. तिला मिळत नाही.

६

त्या शनिवारी शिफ्ट लांबली. घरी आले तेव्हा गॅरेजमधून ट्रेडमिलची घरघर येत होती. निघाले होते.

मी स्वयंपाकघरातला फ्रीज उघडला. दह्याची स्टीलची वाटी रिकामी. कडेला पापुद्रा वाळलेला, बाकी साफ. विरजणापुरतंही ठेवलं नव्हतं. टूवूंबापासून जपलेलं दही आईने शेवटच्या चमच्यापर्यंत बाबांच्या तळहातावर ठेवून टाकलं होतं, आणि नवीन लावलं नव्हतं. ओट्यावर दूध तसंच. मी ती वाटी तशीच, न धुता, बाजूला ठेवली. आई विसरली नव्हती. आई असलं काही विसरत नाही.

दुकानात जावं लागणार होतं. घरातून एकाच माणसाने जायचं, आणि बाबा सकाळीच कोथिंबीर आणि लॉटरीचं तिकीट आणायला जाऊन आले होते. म्हटलं, पकडा मला. गाडी काढली. दुकानात सगळे एकमेकांपासून लांब, मास्कवरून डोळे. व्हॅनिला दही, आंब्याचं दही, नारळाचं दही. शेवटी ग्रीक योगर्टचा डबा घेतला आणि पळाले.

गॅरेजच्या बाजूच्या दारातून आत आले. मास्क अजून तोंडावरच.

बाबांची पाठ. त्यांच्या मागे मॅटवर आईची पाठ. दोन्ही पाठी एका लयीत वरखाली. टक टक येत नव्हतं. मॅटवर पाय पडत होते आणि अजिबात आवाज होत नव्हता.

टीव्हीवर बंदर होतं. पाऊस थांबलेला. पाण्याच्या कडेला तो बाक, फोटोतलाच. आणि बाकाकडे चाललेली मरून शाल. आता फार लांब नव्हती. मानेवरचा अंबाडा दिसत होता, त्यातून नेहमी निसटणारी बट दिसत होती.

इथे मॅटवर अंबाडा. तिथे अंबाडा. दोन पाठी.

मी मास्क खाली ओढला आणि ओरडले, "आई!"

पडद्यावरची बाई थांबली. वळली.

रस्त्यात मागून कुणी हाक मारली की आपण वळतो तशी. अर्धा चेहरा, ओला, डोळे बारीक केलेले, कुणी हाक मारली ते शोधणारे. मी डब्याचं झाकण उपटलं, चमचा नव्हता, बोटांनीच दही काढलं आणि हात पुढे केला. टीव्हीसमोर. बाबांच्या खांद्यावरून. तिने माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. शब्द मागून येतील म्हणून मी वाट बघत राहिले.

पण कॅमेरा थांबला नाही. तो चालतच होता. त्याने तिला गाठलं, डाव्या हाताला टाकलं आणि तो पुढे बोटीकडे गेला.

"बाजूला हो, मयूरा, टीव्ही दिसत नाहीये!" बाबा म्हणाले.

मॅटवरची वळली नव्हती. हाक ऐकून तिची लयसुद्धा चुकली नव्हती.

बोटीचा जिना आला. व्हिडिओ संपला. बाबा खाली उतरले, घाम पुसला. "पोचलो वेळेत! सुचित्रा, चहा टाक."

"टाकते हो." आवाज तिचाच. थोडा उशिराने.

मी तिचा उजवा हात धरला आणि तळव्यावर दही ठेवलं. हात कोमट होता. तिने त्याकडे बघितलं.

"हे काय?"

"दही, आई."

"कशाला?"

आणि ती आत गेली, सिंकशी उभी राहिली आणि हात साबणाने स्वच्छ धुतला. कोविडमध्ये शिकवलं होतं तसा, बोटांच्या मधून.

७

घरात सगळं व्यवस्थित आहे. पोळ्या गोल होतात, चहाला साखर बरोबर पडते. जीपीने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, फोनवर विचारलं, झोप येते का, भूक लागते का. दोन्हींना ती हो म्हणाली. मावशी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "ताई किती छान दिसतेय, चेहरा कसा शांत झालाय." मी शालीबद्दल विचारलं, तर म्हणते, "कुठली शाल?" मी सगळी कपाटं उपसली. नाहीये.

बाबा खूश आहेत. लॉकडाऊन उठला, बाहेर जाता येतं, तर आता ते नदीकाठी चालायला जातात. ती कुठे थांबत नाही. फुलझाडाशी नाही, मांजराशी नाही. अगदी त्यांच्या टाचेमागे चालते, मध्ये मला घुसायलासुद्धा जागा नसते. बाबा पद्माकरकाकांना सांगत होते, "एवढं एक बरं झालं बघ, हिचा स्टॅमिना वाढला."

शनिवारी मी एकटी गॅरेजमध्ये व्हिडिओ लावते. बाक येतो तेव्हा कॅमेऱ्याच्या डाव्या काठाला काहीतरी मरून असतं. बसलेलं. पाण्याकडे तोंड करून. तो नालायक कॅमेरा कधी थांबत नाही. मी पॉज केलं की तिथे नुसता बाक असतो.

ती स्टीलची वाटी मी जपून ठेवली होती. कडेचा वाळलेला पापुद्रा कोमट दुधात खरवडून घातला. दूध नासलं. थोडा पापुद्रा पुन्हा घातला. पुन्हा नासलं. इंजिनिअरिंग सोडलेल्या मुलीला दही लागत नाही, बाबांना कळलं असतं तर आनंद झाला असता. मागच्या आठवड्यात लागलं. घट्ट, आईचं असायचं तसं जरा आंबट. वाटी माझ्या खोलीत असते, कपाटात, कुलपात. स्वयंपाकघरात ठेवली होती तेव्हा दोनदा ती सिंकमध्ये धुवायला काढलेली सापडली.

बोटी पुन्हा सुरू होतायत. बाबांनी जूनची तीन तिकिटं काढली. "मयूरा, तू येणार का? नाहीतरी तुला काम काय असतं?" मी हो म्हटलं, तेव्हा ते दचकलेच.

बर्गनला सकाळी उतरायचं. बाबा पुढे चालतील. ती त्यांच्या मागे. मी नाही चालणार त्यांच्याबरोबर. मी बाकाशी जाईन, दह्याचा डबा उघडेन आणि आईला हात पुढे करायला सांगेन. तिने केला तर ठीक. नाही म्हणाली, तर तिच्या शेजारी बसेन. बसू दे तिला, कितीही वेळ. बोट कुणासाठी थांबत नसते, हे मला पाठ आहे.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. का सांगू? जिन्यावरून चढताना एकदा मागे वळून बघितलं, की आपल्यामागून बोटीत कोण चढतंय ते दिसेलच त्यांना.